वंदना गावंडे आणि आजोबांचं कीटण

चि. रेवा आणि चि. ईशान,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला माहीत आहे. रविवारी बाबा ते मोठ्याने वाचतील आणि तुमच्यापैकी कोणीतरी पहिल्याच पानावर "व्हॉट्स कीटण?" असं विचारेल. म्हणून आधीच सांगून ठेवते. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो वेळच्या वेळी काढला नाही तर वाळून दगडासारखा घट्ट होतो. त्याला कीटण म्हणतात. या पत्रात ते पुष्कळ वेळा येणार आहे, तेव्हा जेवणाच्या आधी वाचायला बसू नका.

आता लिहिण्याचं कारण. मंगळवारी तुमच्या बाबांचा फोन आला. रेवाने म्हणे ठरवलं आहे की चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जायचं नाही. तुमच्या सनीव्हेलजवळच्याच एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा रेस्पिरेटरी थेरपीचा कोर्स करायचा आणि हॉस्पिटलात कामाला लागायचं. बाबांचा आवाज असा होता की रेवा सर्कशीत भरती व्हायला निघाली आहे. "आई, तू तिला समजाव," ते म्हणाले. मी म्हटलं, पत्र लिहिते. काय लिहिणार ते सांगितलं नाही. निनाद, आता वाचायला घेतलंच आहेस तर पुरतं वाच. मधली पानं गाळू नकोस. माझ्याकडे प्रत आहे.

रेवा, तुझं तू ठरव. मला फक्त वंदना गावंडेबद्दल सांगायचं आहे. तुम्हाला ती अंधूक आठवत असेल. ईशान, तू पाच वर्षांचा असताना शुगर लँडला आमच्याकडे आला होतास. तिने "आ कर" म्हणून तुझ्या तोंडात बोट घातलं आणि तू ते कडकडून चावलास. तिने बोट धुतलं, फुंकर मारली आणि म्हणाली, "जबडा मजबूत आहे बापा. याची काळजी नको."

ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. पण आमची ओळख झाली ती इंडियन ग्रोसरीच्या दुकानात. आजोबा आंब्यांच्या खोक्यांसमोर उभे राहून दुकानदाराशी वाद घालत होते. दुकानदाराने काहीतरी विनोद केला आणि आजोबा मान मागे टाकून हसले. तुम्हाला त्यांचं हसणं आठवत असेल. पडजिभेपर्यंत सगळं दिसायचं. मागच्या रांगेतली एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई आपली ढकलगाडी सोडून पुढे आली.

"काका, पुन्हा एकदा हसा बरं."

आजोबा चकित होऊन थांबले. "का हो?"

"खालचे पुढचे दात. त्यांच्या मागे. किती वर्षांचं आहे हो ते?"

तिच्या बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. ती तोंड फिरवून डाळींच्या पाकिटांशी बोलत असल्यासारखी म्हणाली, "आई, प्लीज. नॉट हिअर."

दुसरा कोणी असता तर रागावला असता. आजोबांना मात्र आपल्या तोंडाकडे इतक्या आदराने कोणी पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे, आंब्यांच्या साक्षीने, पुन्हा तोंड उघडलं. वंदनाने वाकून आत पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. "काय सुंदर आहे," ती म्हणाली. मी आजोबांची बायको आहे, हे तिला सांगण्याची ती वेळ आहे की नाही, हे मला कळेना.

त्या वेळी वंदना सत्तेचाळीस वर्षांची होती आणि कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीनच्या पहिल्या वर्षात शिकत होती. डेंटिस्टकडे गेल्यावर डॉक्टर यायच्या आधी जी बाई तासभर आपले दात खरवडते, ती हायजिनिस्ट. तो दोन वर्षांचा कोर्स असतो, आणि त्याच्या आधी शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, जंतुशास्त्र असे विषय पास व्हावे लागतात. तिला प्रवेश दुसऱ्या खेपेला मिळाला होता.

ती मूळची नागपूरची. तिथल्या एका सहकारी बँकेत कॅशवर बसायची. लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर टेक्सासला आली आणि पुढची अकरा वर्षं तिला काम करण्याची परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड आलं तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन महिन्यांचा कोर्स कर, प्रकाश कुठेतरी चिकटवून देईल. प्रकाश म्हणजे तिचा नवरा. इतका शांत माणूस की एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला येऊन जेवून गेला आणि तो आला होता की नाही यावर आजोबांची आणि माझी दुसऱ्या दिवशी चर्चा झाली.

तिने टेस्टिंग का केलं नाही, दातच का धरले, असं मी एकदा विचारलं. तिचं उत्तर तयार होतं.

"काकू, मी एकदा दात साफ करायला गेली होती. ती बाई तासभर बोलून राहिली. पोरांचं, सासूचं, कुत्र्याचं. आणि मला एक शब्द बोलता येईना, तोंडात तिचे हात. मी म्हटलं, हेच काम पाहिजे मला. घरी सगळे उत्तर देतात."

मला सगळ्या गोष्टी नेमून दिल्याप्रमाणे लागतात, हे तुम्ही जाणता. माझ्याकडे प्रत्येकाची फाइल आहे, तुमच्या लशींची सुद्धा. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, आणि वंदनाचं दहावीपर्यंत मराठीतून. म्हणून ती दर गुरुवारी दुपारी इंग्रजी सुधारायला माझ्याकडे यायला लागली. पेशंटशी कसं बोलायचं याची कॉलेजने वाक्यं छापून दिली होती. "तुम्ही रोज फ्लॉस करण्याचा विचार करू शकाल का?" अशा थाटाची. वंदनाला ती वाक्यं पाठ होती, पण तोंडातून निघताना त्यांचं काहीतरी निराळंच व्हायचं. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये आलेल्या एका निवृत्त शेरिफला ती म्हणाली होती, "सर, यू आर सिक्स्टी-एट. टीथ आर आल्सो सिक्स्टी-एट. हू विल लुक आफ्टर देम, युवर मदर?" मी ते दुरुस्त करून दिलं. पुढच्या गुरुवारी तिने सांगितलं की शेरिफ पुन्हा आला आणि त्याने तिचंच नाव घेऊन अपॉइंटमेंट मागितली. त्यानंतर मी व्याकरणापुरती उरले.

तिची अभ्यासाची पद्धत अशी. कीटण काढायचं हत्यार लेखणीसारखं धरायचं असतं आणि करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर टेकवायचं असतं, म्हणजे हात घसरत नाही. ही पकड बसावी म्हणून ती लसूणही तसाच सोलायची आणि बटाट्याचे डोळेही तसेच काढायची. मग तिने अंडी घेतली. अंड्यावर नेलपॉलिशचा जाड थर द्यायचा, वाळू द्यायचा आणि कवचाला तडा न जाता खरवडून काढायचा. तडा गेला की त्या अंड्याची भुर्जी. त्या सगळ्या हिवाळ्यात गावंड्यांच्या घरी रात्री भुर्जी होती. प्रकाशने कधी तक्रार केली नाही. मार्चमध्ये एक दिवस ताटात वांग्याची भाजी आली. तो बराच वेळ ताटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "जमलं का?" त्याचं एवढं लांब वाक्य तिला लग्नानंतर आठवत नव्हतं.

आजोबांचं सुरुवातीचं मत तुमच्या बाबांसारखंच होतं. ते इंजिनियर, जन्म गेला तेलाच्या पाइपलाइनींवर. "दोन वर्षांची डिग्री म्हणजे अर्धीच की," ते तिला चिडवायचे. "अर्ध्या डिग्रीवाल्या बाईने माझे अर्धेच दात साफ करायचे." ती म्हणायची, "काका, निम्मेच करते. बाकीचे कोण्या पीएचडीला दाखवा." पण पाइपमध्ये साचणाऱ्या थरावर आजोबांनी तीस वर्षं घालवली होती. दातांवरही तसाच थर बसतो हे कळल्यावर ते तिची पुस्तकं वाचायला लागले. गुरुवारी मी इंग्रजी काढून बसायची आणि ही दोघं थराच्या गप्पा मारायची.

त्याच सुमारास तिने त्यांच्या खालच्या जबड्याचा साचा घेतला. वर्गात तो घ्यावा लागतो. गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात घालून आजोबा तीन मिनिटं डोळे फिरवत बसले. मग तिने त्यात प्लास्टर ओतलं आणि पुढच्या गुरुवारी एक पांढरा जबडा आणून टेबलावर ठेवला. वाकडा सुळा, पडलेल्या दाढेची जागा, आणि पुढच्या दातांमागे समुद्राकाठच्या खडकासारखा ओबडधोबड कीटणाचा बांध. आजोबांनी तो आपल्या कागदांवर वजन म्हणून ठेवला. पाहुणे यायचे असले की मी तो कपाटात ठेवायची. पाहुणे आले की आजोबा तो बाहेर काढायचे.

आता या कोर्समधली खरी अडचण सांगते. परीक्षेला धरला जाईल असा पेशंट कॉलेज देत नाही. विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायचा. आणि कोणीही चालत नाही. थोडं कीटण असलेले इतके, मध्यम असलेले इतके, आणि शेवटच्या परीक्षेला पक्कं, हिरडीखाली गेलेलं, वर्षानुवर्षं मुरलेलं कीटण असलेला एक. असा माणूस मिळाला नाही तर परीक्षा नाही, आणि सगळा वर्ग एकत्रच पुढे सरकत असल्यामुळे पुन्हा थेट पुढच्या वसंतात. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली पंचविशीतल्या होत्या. त्यांचे भाऊ, मित्र, मित्रांचे मित्र होते. वंदनाकडे महाराष्ट्र मंडळ होतं.

त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती हातात तिळगूळ घेऊन दाराशीच उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवायची आणि लाडू खाल्ला जाईपर्यंत हलायची नाही. "लाइट," ती माझ्या कानात सांगायची. "ही पण लाइट. ही मॉडरेट, पण सांगायची सोय नाही, अध्यक्षांची बायको आहे." अर्ध्या तासात बातमी पसरली. बायका पदर तोंडाशी धरून बोलायला लागल्या. एरवी ज्या कार्यक्रमात शेजारच्याचं ऐकू येत नाही, तिथे त्या दिवशी शोकसभेसारखी शांतता होती. आभार मानताना अध्यक्षांनी ओठ न उघडता भाषण केलं.

"काकू, सगळे इन्शुरन्सवाले," ती खुर्चीत बसत म्हणाली. "सहा महिन्यांनी जातात आणि साफ करून येतात. कशी पास होऊ मी?"

पण तिच्याकडे आजोबा होते. आजोबा डेंटिस्टला घाबरायचे. नोकरीत असताना मीटिंगचं कारण सांगायचे आणि निवृत्त झाल्यावर कारण सांगायचंही सोडून दिलं. जानेवारीत तिने त्यांना कॉलेजच्या क्लिनिकमध्ये नेऊन तपासून घेतलं. तिथल्या मुख्य शिक्षिका मिस डॉरिस. सहा फूट उंच, पांढऱ्या केसांचा कापसासारखा फुगारा, आणि सगळ्यांना "हनी" म्हणणाऱ्या. त्यांनी आजोबांच्या तोंडात आरसा घातला आणि बाकीच्या मुलींना पाहायला बोलावलं. आजोबा घरी आले ते दिग्विजय करून आल्यासारखे.

"काका," वंदनाने बजावलं, "आता एप्रिलच्या परीक्षेपर्यंत कोण्या डेंटिस्टकडे जायचं नाही. ब्रश करा, पण जास्त मन लावून नको. तुम्ही माझे रिझर्व्ह आहात."

बायकोच्या आणि डॉक्टरांच्या धरून आयुष्यभर मिळालेल्या सगळ्या सूचनांपैकी आजोबांनी तंतोतंत पाळलेली ही एकमेव. ते मंडळात लोकांना सांगायचे, "मी रिझर्व्ह आहे."

इथून पुढचा भाग माझ्याबद्दल आहे आणि तो लिहायला मला जड जातं आहे. पण हिशेब अर्धवट ठेवणं मला जमत नाही.

मी ज्या घरात वाढले तिथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी आंघोळ, नखं कापायची, धुतलेले आतले कपडे घालायचे. भांडीवाली यायच्या आधी माझी आई भांडी विसळून ठेवायची, बाई काय म्हणेल म्हणून. मीही तशीच. परीक्षा आठवड्यावर आली तसं माझं डोकं दुखायला लागलं. बारा मुली, तीन शिक्षिका, सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्याचं तोंड उघडणार, आणि घरातली बाई काय करते असा प्रश्न सगळ्यांच्या मनात येणार. जानेवारीत एकदा शोभा झाली तेवढी पुरे होती.

परीक्षा शुक्रवारी होती. मंगळवारी मी आजोबांना, चष्म्याचा नंबर काढायचा आहे असं सांगून, एका डेंटिस्टकडे नेलं. माझ्या मनात एवढंच होतं की वरवरचं काढावं, तोंड जरा बरं दिसावं. आतलं मुरलेलं राहीलच, ते वंदना काढेल. मी वंदनाच्या वहीतलं इंग्रजी तपासलं होतं. इंग्रजी मी नीट तपासलं होतं, काय लिहिलं आहे ते वाचलं नव्हतं.

कुठे आलो आहोत हे आजोबांना कळलं तेव्हा ते खुर्चीत होते आणि तोंडात डेंटिस्टचे हात. तो डेंटिस्ट दुर्दैवाने कामाचा पक्का निघाला. दीड तासाने आजोबा बाहेर आले ते जीभ दातांमागे फिरवत. "गेलं सगळं," ते म्हणाले. "तीस वर्षांचं होतं." मी त्यांना वंदनाला न सांगण्याची शपथ घातली. मला अजूनही वाटत होतं की थोडं कुठेतरी राहिलं असेल.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. लांब हॉल, बारा खुर्च्या, बारा दिवे. वंदना निळ्या स्क्रब्सच्या गणवेशात, चष्म्यावर दुर्बिणीसारखी भिंगं लावून उभी होती. तिने आजोबांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी कागदी रुमाल लावला, दिवा खाली ओढला आणि आरसा आत घातला.

तिने आरसा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मग भिंगं काढून पुसली आणि पुन्हा लावली.

मिस डॉरिस आल्या. त्यांनी पाहिलं. "हनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "धिस जेंटलमन इज स्पॉटलेस."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. शपथ त्यांनी मोडली नाही. फक्त पाहिलं, आणि त्या पाहण्यानंतर शपथ मोडायची गरज उरली नाही.

"काकू," वंदना म्हणाली.

"मला वाटलं, चारचौघांत बरं दिसेल," मी म्हटलं.

माझी अपेक्षा होती की ती ओरडेल. ती स्टुलावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. पेशंट दाखवायची मुदत दहा वाजेपर्यंत होती. त्यानंतर पुढचा वसंत. एका डेंटिस्टने तिला जूनपासून नोकरी देऊ केली होती. तो वर्षभर थांबणार नव्हता. ती तेव्हा जवळजवळ एकोणपन्नास वर्षांची होती. हे सगळं मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्याच्या गुरुवारी माझ्याच टेबलावर बसून तिने सांगितलं होतं.

मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, थोडं खाली.

"काकू, तुम्ही शेवटच्या कधी गेल्या होत्या हो डेंटिस्टकडे?"

"मी? मी सगळ्यांच्या अपॉइंटमेंटा घेते."

"ते नाही विचारून राहिली मी."

मी आठवायला लागले. आजोबांची फाइल, निनादची, तुमची. माझी फाइलही आहे. त्यात दातांचा कागद होता, पण तो निनादच्या लग्नाच्या आधीचा होता. मी तसं सांगितलं. आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला हाताने जागा दाखवली, एखाद्याला मानाचं पान द्यावं तशी.

वंदनाने माझ्या खालच्या दातांमागे आरसा धरला आणि तिचा चेहरा उजळला. आंब्यांच्या दुकानात उजळला होता तसा. "मिस डॉरिस," तिने हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या, "लॉर्ड हॅव मर्सी." मग सरळ झाल्या. "शी'ल डू." म्हणजे, मी चालणार होते.

बाहेरून दिसतील ते माझे सगळे दात स्वच्छ होते, हे मी इथे नमूद करते.

अजून एक अडथळा होता. काम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजतात, आणि तो ठराविक आकड्याच्या वर असला तर पेशंटला घरी पाठवतात. माझा वर होता. का नसणार. मिस डॉरिस म्हणाल्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघू. घड्याळात साडेनऊ झाले होते.

वंदना माझ्या कानाशी वाकली. "काकू, डोळे मिटा. काहीतरी नीटनेटकं आठवा."

मी डोळे मिटले आणि घरातलं चादरींचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर पाहुण्यांच्या, इस्त्रीच्या घड्या दाराकडे. दुसऱ्या फळीवर रोजच्या, जोड्या लावून. तिसऱ्या फळीवर टॉवेल, मोठे खाली, लहान वर. चौथ्या फळीपर्यंत पोचले तेव्हा दंडाभोवतीचा पट्टा सैल झाला. आकडा खाली आला होता. दहाला पाच कमी होते.

पुढचे तीन तास मी त्या खुर्चीत होते. पहिला दीड तास वंदना एक अक्षर बोलली नाही. करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर टेकलेलं आणि खर्र खर्र असा बारीक आवाज. मला तिने सोललेला लसूण आठवला, ती अंडी आठवली. बाहेर बसलेल्या पेशंटांना आजोबा सगळी हकीकत सांगत होते, हे मला भिंतीपलीकडच्या हशावरून कळत होतं. मग अवघड भाग संपला असावा. तिचा श्वास मोकळा झाला.

"काकू, आता मी बोलते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात माझे हात आहेत."

मी डोळ्यांनी होकार दिला.

"तुम्ही माझा पेशंट धुऊन आणला. असं कोणी करते का? परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी पोराची वही खोडून देते का? मंगळवारपासून माहीत होतं तुम्हाला. तीन दिवस तुम्ही मला फोनवर ऑल द बेस्ट म्हणून राहिल्या." खर्र. "अकरा वर्षं मी या देशात फॉर्म भरून राहिली. ऑक्युपेशन म्हणून चौकोन असतो ना काकू, तिथे हाउसवाइफ. शाळेचा फॉर्म, हाउसवाइफ. लायब्ररीचा फॉर्म, हाउसवाइफ. एकदा मी त्यात काहीच नाही लिहिलं, तर काउंटरवरची पोरगी म्हणते, मॅम, यू मिस्ड वन." खर्र. "रागावणार होती मी तुमच्यावर. सकाळी ठरवलंच होतं. पण रागावू कशी? तुमच्या तोंडात माझी डिग्री आहे." तिने हत्यार बदललं. "तोंड मिटू नका. आणि रडू नका, नाक चोंदते. मला काम करता येत नाही."

मला उत्तर द्यायचं होतं. देता येत नव्हतं. तिने हे काम का निवडलं ते मला तेव्हा नीट समजलं.

शेवटी मिस डॉरिस आल्या आणि आकडीसारख्या बारीक हत्याराने एकेक दात तपासत गेल्या. डाव्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या दाढेपाशी थांबल्या. "वन मोर स्पॉट, हनी." वंदनाने हत्यार घेतलं, बोट टेकवलं, एकदाच खरवडलं. मिस डॉरिसनी पुन्हा पाहिलं, फॉर्मवर सही केली, आणि मग त्या सहा फुटी बाईने वंदनाला उचलून मिठी मारली. वंदनाचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिची मुलगी शर्वरी बाहेर गाडीत थांबली होती. आईने फोन केला तेव्हा ती इतकंच म्हणाली, "हूज टीथ?" माझे, हे तिला कळलं. मग पलीकडून आवाज आला तो हसण्याचा.

जूनमध्ये तिला नोकरी लागली. ती तिने पाच वर्षं केली. तिच्याकडे जाणारे लोक सांगायचे की दात स्वच्छ होतात आणि शिवाय घरचा दम मिळतो. तो शेरिफ कॉलेजचं क्लिनिक सोडून तिच्याकडे यायला लागला. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांची बायकोही गेली. ती मॉडरेट होती, तेही अखेर सांगून झालं. आजोबांना वंदनाने दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसवलं. त्यांच्या जबड्यात पुन्हा काही जमलेलं नसायचं याचं दोघांनाही वाईट वाटायचं. "काका, आता तुमच्यात मजा नाही राहिली," ती म्हणायची. आजोबा गेले तेव्हा ती तेराही दिवस डबा घेऊन आली. मी जेवेपर्यंत समोर बसायची. तेराव्या दिवशी निघताना दारात थांबून म्हणाली, "काकू, फ्लॉस करून राहिल्या ना?" त्या तेरा दिवसांत मला खरोखर उत्तर देता आलं असा तो एकच प्रश्न.

गेल्या उन्हाळ्यात प्रकाशची बदली टेक्सासच्या पश्चिम टोकाला, तेलविहिरींच्या गावात झाली. त्या भागात मैलोनमैल हायजिनिस्ट मिळत नाही म्हणून तिथल्या डेंटिस्टने तिला जायच्या आधीच पक्कं करून टाकलं होतं. या वेळी बदली प्रकाशची होती, पण नोकरी आधी तिची ठरली.

ती गेली त्या दिवशी मी सकाळी निरोप देऊन आले होते. दुपारी भाजी घेऊन परत येताना सिग्नलला थांबले, तर शेजारच्या लेनमध्ये त्यांची गाडी. मागच्या काचेला टेकलेल्या उशा, टपावर गाद्या, प्रकाश स्टिअरिंगवर सरळ समोर बघत. वंदनाने मला पाहिलं. काच खाली केली. आपला खालचा ओठ बोटाने खाली ओढला.

मी काच खाली केली आणि त्या उन्हात, चार लेनच्या रस्त्यावर, तोंड उघडलं.

ती खिडकीतून अर्धी बाहेर झुकून, डोळे बारीक करून बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. प्रकाशही, मला वाटतं, काहीतरी म्हणाला. पण तिने पुरतं पाहून होईपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. मग तिने अंगठा वर केला आणि ते डावीकडे वळले.

आजोबांचा प्लास्टरचा जबडा अजून आहे. तो मी साफसफाई करायला लावायच्या आधीचा. त्यात वाकडा सुळा आहे, पडलेल्या दाढेची जागा आहे, आणि पुढच्या दातांमागे तो सगळा बांध जसाच्या तसा आहे. हल्ली पाहुणे आले तरी मी तो कपाटात ठेवत नाही. हे पत्र लिहून झालेल्या पानांवर आत्ता तोच ठेवला आहे. आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसते, बाकी काही करत नाही.

तुमची,
आजी